आधीची नळी, नंतरची नळी

धाराशिवच्या सिव्हिलमध्ये किंवा सोलापूर-लातूरला जाऊन डायलिसिस करून घेणाऱ्यांच्या फाइलीत दर महिन्याच्या रक्ताचे रिपोर्ट साठत जातात. हिमोग्लोबिन, पोटॅशियम, कॅल्शियम, फॉस्फरस यांच्यासोबत युरिया असतो, आणि पद्धतशीर तपासणीत तो दोनदा असतो: मशीन लावण्याआधीचा आणि संपतानाचा. या जोडीमागे मोठी वंशावळ आहे.

मूत्रपिंड काढून टाकले की रक्तात युरिया साचतो, हे प्रेव्हो आणि द्यूमा यांनी 1820च्या दशकात प्राण्यांवर दाखवले. पण तो झटपट मोजायचा कसा? 1913 साली अमेरिकेत मार्शल यांनी त्यासाठी सोयाबीन वापरले. सोयाबीनमध्ये युरिएज नावाचे विकर असते. ते युरियाचे विघटन करून अमोनिया बनवते, आणि अमोनिया मोजता येतो. धाराशिवच्या शिवारात दर खरिपाला डोलणारे हे पीक असे लॅबच्या इतिहासात आहे. युरियाच्या बहुतेक किटमध्ये आजही युरिएजच असते.

पुढचा दुवा क्लीव्हलँडचे लिओनार्ड स्केग्ज. 1948 साली त्यांनी जॅक लिओनार्ड्स यांच्यासह कृत्रिम मूत्रपिंडाचे एक यंत्र मांडले. त्याच स्केग्ज यांनी रक्त आपोआप तपासणारा ऑटोॲनालायझर बनवला आणि 1957 साली तो बाजारात आला. कृत्रिम मूत्रपिंडासारखाच त्याच्या आतही एक पातळ पडदा होता. प्रथिने मागे ठेवून युरियासारखे लहान रेणू पलीकडे जाऊ देणारा, म्हणजे छोटे डायलिसिसच. रक्त धुणारे आणि रक्त मोजणारे यंत्र असे एकाच माणसाच्या हातून घडले.

1960 साली सिएटलमध्ये स्क्रिब्नर यांनी हातातल्या रक्तवाहिन्यांना कायमची नळी जोडली, आणि रुग्ण वर्षानुवर्षे डायलिसिसवर जगू लागले. प्रश्न बदलला: प्राण वाचले, पण डायलिसिस पुरेसे होते का? अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 1981 साली आले. ज्यांचा सरासरी युरिया जास्त ठेवला होता, त्यांना दवाखान्यात जास्त दाखल व्हावे लागले. मात्र नुसत्या आकड्यावर विसंबता येत नाही. ज्याचे जेवण सुटले आहे, त्याचाही युरिया कमी येतो. म्हणून 1985 साली गॉच आणि सार्जंट यांनी जोर दिला तो डायलिसिसच्या एका बैठकीत किती युरिया निघाला यावर. आधी 150, नंतर 50, म्हणजे सुमारे 67 टक्के घट. 65 टक्क्यांच्या पुढे गेले की बैठक पुरेशी धरतात.

बैठक संपतानाच्या रक्ताची, म्हणजे दुसरी नळी घेण्याची रीतही ठरलेली आहे. पंप मिनिटाला 100 मिलिलिटरपर्यंत मंद करायचा, सुमारे 15 सेकंद थांबायचे, मग रक्त काढायचे. पंप मंद न करता काढले, तर नुकतेच धुतलेले रक्त मिसळून आकडा फसवा चांगला येऊ शकतो. फार उशिरा काढले, तर शरीरातला उरलेला युरिया पुन्हा रक्तात उतरलेला असतो.

2016 साली केंद्राने जिल्हा रुग्णालयांसाठी राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. तरी परंडा, उमरगा, लोहाऱ्याच्या गावांतून येणाऱ्याला दर खेपेला बसभाडे आणि बुडालेला रोज मोजावा लागतोच. त्यामुळे आठवड्यात तीनऐवजी दोनच बैठका होणे आपल्याकडे नवे नाही. इथे 65 टक्क्यांच्या आकड्याची कुळी आड येते. 1981च्या अभ्यासातले रुग्ण आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेत होते, आणि 65 टक्क्यांचा उंबरठा त्याच वेळापत्रकाचा आहे. ज्यांची लघवी जवळजवळ थांबली आहे, त्यांना दोनच बैठकांत प्रत्येकी 67 टक्के आले, तरी आठवड्याचा हिशेब अपुरा राहतो. रिपोर्टमध्ये टक्केवारी चांगली दिसली, की डॉक्टरांना पुढचा प्रश्न विचारावा: ‘माझ्या आठवड्याच्या दोन बैठकांना हे पुरेसे आहे का?’