डाकबंगल्याचीं दोन दारें

वऱ्हाडच्या पायनघाटांत, खामगांवच्या पश्चिमेस व नांदुऱ्याच्या दक्षिणेस, पिंपळगांव राजा हें जुनें गांव आहे. उत्तरेकडे पूर्णेच्या खोऱ्यांतील काळीभोर कपाशीची जमीन आणि दक्षिणेकडे अजिंठ्याच्या डोंगरांची रांग. ती रांग चढून गेलें कीं बालाघाटाच्या पठारावर बुलढाणें लागतें. आज ह्या मुलखांतून मोटारीनें जाणाऱ्या मनुष्यास वाटेंत मुक्काम कोठें करावा, हा प्रश्नच पडत नाहीं. दीडशें वर्षांपूर्वीं मात्र प्रवासांतला पहिला प्रश्न तोच असे. घोड्यावरून, छकड्यांतून अथवा पालखींतून दिवसाकाठीं जेवढी मजल होई, तेवढ्यावर रात्रीपुरतें छप्पर मिळालें पाहिजे; न मिळाल्यास एखादी आमराई पाहून तंबू ठोकावा लागे. ह्या गरजेंतून इंग्रजी अमलांत एक विशिष्ट इमारत हिंदुस्थानभर उभी राहिली. तिचें नांव डाकबंगला.

त्या काळचे बंगले आज निराळ्याच कारणासाठीं उघडले जात आहेत. शहरांतील सुशिक्षित कुटुंबें सुट्टींत चार दिवस भाड्यानें घेण्यास जुनें घर शोधतात. उंच छत, रुंद ओसरी, वेताची आरामखुर्ची आणि भोवतालची शांतता ह्यांची त्यांस ओढ वाटते. ह्या ओढींत वाईट कांहीं नाहीं. परंतु ज्या घरांत रहावयाचें, तें कोणासाठीं बांधलें गेलें आणि कोणाच्या श्रमावर चाललें, हें ठाऊक असलें म्हणजे त्या चार दिवसांना कांहीं अर्थ येतो.

‘डाक’ ह्या शब्दाचा आज आपण टपाल एवढाच अर्थ घेतों. मूळ अर्थ टप्प्याटप्प्यावर माणसें किंवा घोडे बदलीत पुढें जाणें, असा आहे. रेल्वेच्या पूर्वीं जसें पत्र डाकेनें जाई, तसा मनुष्यही डाकेनें जाई. प्रवाशानें आगाऊ पोस्टमास्तरास कळवावयाचें, पैसे भरावयाचे. मग वाटेंतील प्रत्येक टप्प्यावर पालखीसाठीं भोयांची नवी तुकडी तयार राही. उन्हाच्या दिवसांत हा प्रवास बहुधा रात्रीं चाले. पुढें मशालजी, मागें लयींत हुंकारत धांवणारे भोई. दहा-पंधरा मैलांवर बंगला असे. तेथें दिवसा विसांवा घ्यावयाचा. ‘बंगला’ हा शब्द तर नांवाप्रमाणेंच बंगालचा. तिकडच्या खेड्यांतील उतरत्या छपराच्या झोंपडीची ती धाटणी साहेबांनीं उचलली, तिला ओसरी जोडली, आणि हिंदी झोंपडीची ही इंग्रजी आवृत्ति पुढें जगभर गेली.

वाटसरूंस निवारा देणें ही कल्पना अर्थात् इंग्रजांची नव्हे. शेरशहा सुरानें सोळाव्या शतकांत आपल्या रस्त्यांवर दोन दोन कोसांच्या अंतरानें सराया बांधविल्या व त्यांत हिंदु आणि मुसलमान प्रवाशांची निरनिराळी सोय ठेविली. अहिल्याबाई होळकरांच्या धर्मशाळा व घाट तर काशीपासून रामेश्वरापर्यंत प्रसिद्ध आहेत. धर्मशाळेंत भाडें नसे, पण जात विचारली जाई. डाकबंगल्यांत जात विचारीत नसत, भाडें विचारीत; दर माणशीं दिवसाला एक रुपया हा सर्वसाधारण दर होता. कागदावर पाहिलें तर हा मोठाच बदल होता. प्रत्यक्षांत मात्र एक रुपया म्हणजे मजुराची कित्येक दिवसांची मजुरी, आणि बंगल्याच्या ओसरीवर चढणारा प्रवासी बहुतेक गोराच असे.

बंगल्याचे नियम भिंतीवर टांगलेले असत. प्रवाशानें नोंदवहींत आपलें नांव, येण्याची व जाण्याची वेळ आणि दिलेले पैसे लिहावयाचे. तक्रारीसाठीं निराळा रकाना. चोवीस तास झाल्यावर दुसरा प्रवासी आला तर पहिल्यानें जागा सोडावयाची, हा नियम सर्वांत महत्त्वाचा. घर कोणाचेंच नव्हे, रस्त्यावरच्या सर्वांचें, हें त्यामागचें तत्त्व. व्यवस्थेला एक खानसामा असे. पाहुणा दिसला कीं आवारांतील कोंबडीमागें धांवण्याचें काम तो प्रथम करी; तासाभरांत तीच कोंबडी ताटांत येई. अँग्लो-इंडियन मंडळींनीं ह्या पदार्थास ‘आकस्मिक मृत्यु’ असें नांव ठेविलें होतें! मुंबईंत जन्मलेल्या रडयार्ड किपलिंगनें १८८८ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका भुताच्या कथेची जागा म्हणून डाकबंगलाच निवडला, ह्यांत नवल नाहीं. अनोळखी लोकांनीं एकेक रात्र काढलेलें घर कल्पनेला फार सोईचें असतें.

वऱ्हाडांत ह्या व्यवस्थेला जोर आला तो १८५३ नंतर. हैदराबाद काँटिंजंट फौजेच्या खर्चापोटीं निजामानें त्या वर्षीं हा प्रांत इंग्रजांच्या कारभाराखालीं दिला. पुढें १८६१ ते १८६५ अमेरिकेंत यादवी युद्ध झालें, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या कपाशीला सोन्याचा भाव आला. खामगांवच्या बाजारांत गाड्यांच्या रांगा लागूं लागल्या. जलंबाहून खामगांवपर्यंत रेल्वेचा फांटा टाकण्यांत आला आणि १८७० सालीं तो खुला करण्यास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीनें आले. कापूस, सारा, जंगल आणि सडका ह्यांवर देखरेख ठेवणारे अधिकारी सतत दौऱ्यावर असत. उन्हाळ्यांत पायनघाट तापला कीं त्यांना वरच्या पठाराची आठवण होई. बुलढाण्याची हवा थंड असल्यामुळेंच तेथें जिल्ह्याचें ठाणें करणें त्यांस सोईचें वाटलें. त्याहून उंच जागा म्हणजे मेळघाटांतील चिखलदरा. १८२३ सालीं हैदराबाद पलटणीच्या कॅप्टन रॉबिन्सन ह्यानें ती इंग्रजांच्या नजरेस आणली, आणि पुढें तेथें बंगले उठले.

रेल्वे आली आणि मूळ डाकबंगल्याचें काम संपलें. पण इमारतीचें संपलें नाहीं. तिची जागा आतां तीन प्रकारच्या घरांनीं घेतली. जिल्ह्याच्या ठिकाणीं बड्या अधिकाऱ्यांसाठीं सर्किट हाऊस, सडकेवर बांधकामखात्याचा विश्रामबंगला, आणि रानांत जंगलखात्याचा. लोकांनीं मात्र तिन्हींस डाकबंगलाच म्हटलें.

ह्या घरांची बांधणी शहाणपणाची होती, हें मान्य केलें पाहिजे. जोतें उंच, म्हणजे पावसाळ्यांत ओल व विंचूकिरडूं वर येत नाहीं. भिंती दीड-दोन हात जाड, दगडाच्या किंवा विटांच्या आणि चुन्यांत बांधलेल्या, म्हणजे दिवसाचा ताप आंत पोहोंचेपर्यंत संध्याकाळ होते. छत उंच व त्याखालीं लहान झरोके, म्हणजे तापलेली हवा वरच्यावर निघून जाते. चारी बाजूंस ओसरी, म्हणजे भिंतीवर ऊन पडतच नाहीं. दारांना वाळ्याचे ताटे लावून त्यांवर पाणी मारीत. वऱ्हाडच्या वैशाखांतली लू त्यांतून गार होऊन व सुवास घेऊन आंत येई. छपराला सागाचे वांसे, आणि १८६५ नंतर बासेल मिशनच्या कारखान्यानें मंगळुरी कौलें पाडण्यास सुरुवात केल्यावर हळूहळू त्या कौलांचा प्रसार झाला.

परंतु ह्याच बांधणींत एक दुसरी गोष्टही कोरलेली आहे. खोलीच्या भिंतींत वरच्या बाजूस एक भोंक दिसतें. छताला टांगलेल्या पंख्याची दोरी त्यांतून बाहेर जाई, आणि बाहेर ओसरीवर एक मनुष्य रात्रभर ती ओढीत बसे. आंतल्याला वारा मिळावा, पण ओढणारा दिसूं नये, ही त्या भोंकाची सोय. तसेंच न्हाणीघराला बाहेरून उघडणारें एक निराळें दार असे. तें भंग्यासाठीं. त्यानें मागच्या बाजूनें यावें, घाण उचलावी व कोणाच्या दृष्टीस न पडतां परत जावें. पुढचें दार ओसरीवर, बागेकडे. मागचें दार चाकरांच्या चाळीकडे. एकाच घराचीं हीं दोन दारें म्हणजे त्या काळच्या समाजाचा नकाशाच होय. आणि हा नकाशा केवळ साहेबानें काढिला, असें म्हणून आपली सुटका नाहीं. मागच्या दाराची रीति आपल्या वाड्यांतूनही होती.

दौऱ्याचा भार खेड्यावर पडे. साहेबाचा मुक्काम ठरला कीं लाकूड, गवत, दूध, अंडीं, कोंबड्या ह्यांची रसद गोळा करण्याचा हुकूम सुटे. सामान वाहणें, सांगावा पोहोंचविणें, घोड्याला गवत आणणें हें काम गांवकामगार म्हणून महारांच्या माथीं येई. त्याचें नांव वेठ. पिंपळगांव राजासारख्या सडकेजवळच्या गांवांना हा अनुभव नवा नव्हता. इंग्रजांच्या पूर्वींच्या अमलांतही वेठ होतीच. १९२८ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं मुंबईच्या विधिमंडळांत महार वतनाच्या सुधारणेचें बिल आणलें, तें अशाच बिनमोल राबणुकीविरुद्ध. तें बिल त्या वेळीं पार पडलें नाहीं. मुंबई राज्यांत कनिष्ठ गांववतनें कायद्यानें नष्ट होण्यास १९५८ साल उजाडावें लागलें. मुक्कामाची जागा मिळणें म्हणजे काय, हें बाबासाहेबांइतकें कोणास कळलें असेल? परदेशांतून पदव्या घेऊन ते बडोद्यास नोकरीवर गेले, तेव्हां त्या शहरांत त्यांस कोणी घर देईना. पारशांच्या एका खाणावळींत ते नांव लपवून राहिले, आणि जात कळतांच लाठ्या घेतलेल्या जमावानें त्यांना बाहेर काढिलें.

जंगलखात्याच्या बंगल्यांची कथा आणखी निराळी. ज्या रानांत गुरें चारणें व सरपण आणणें हा लोकांचा जुना हक्क होता, तें राखीव झालें; आणि तो हक्क काढून घेणारा अधिकारी त्याच रानांतल्या बंगल्यांत उतरूं लागला. जुलै १९३० मध्यें लोकनायक बापूजी अण्यांनीं पुसदजवळ राखीव जंगलांत गवत कापून सत्याग्रह केला व कारावास पत्करिला. गवताच्या त्या पेंढीमागें पन्नास वर्षांचा राग होता. ओसरीवरून दिसणारी हिरवी शोभा पाहणाऱ्यानें हेंही ध्यानांत ठेवावें.

तर मग हीं घरें पडूं द्यावींत काय? तसें म्हणणें सोपें आहे, पण तें शहाणपणाचें नव्हे. जें पडतें त्याच्याबरोबर त्याची साक्षही जाते. आणि तीं पडतात तीं बहुधा द्वेषामुळें नव्हे, अज्ञानामुळें. चुन्याची भिंत श्वास घेते. ओल शोषते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा दिला कीं ओल आंतच कोंडते, गिलाव्याला पोपडे येतात व भिंत कुजते. कौलें काढून पत्रा घातला कीं खोली भट्टीसारखी तापते. ओसरी भिंतीनें बंद करून दोन खोल्या वाढविल्या कीं घराचा आत्माच जातो. अशा घराला चुना मळणारा गवंडी, सागाचा वांसा बदलणारा सुतार आणि दर उन्हाळ्यांत कौलें परतणारा मनुष्य पाहिजे. ह्या खर्चाला पैसा कोठून यावा? पाहुण्याचें भाडें हा त्याचा एक प्रामाणिक मार्ग आहे.

हा मार्ग अन्यत्र चोखाळला गेला आहे. माथेरानची टेंकडी १८५० च्या मे महिन्यांत ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट ह्यांनीं पाहिली आणि थोड्याच वर्षांत तेथें बंगले झाले. त्यांतलें बार हाऊस हें जुनें घर पुढें नीमराणा संस्थेनें दुरुस्त करून पाहुण्यांसाठीं उघडलें. त्याच्या लांबलचक ओसरीवर झाडांची सावली पडते. इंग्लंडांत १९६५ सालीं सर जॉन स्मिथ व त्यांच्या पत्नीनीं लँडमार्क ट्रस्ट स्थापिला. पडायला आलेलीं जुनीं घरें घ्यावयाचीं, नीट करावयाचीं आणि सुट्टीसाठीं भाड्यानें द्यावयाचीं, हें त्याचें काम. त्याच्या घरांत दूरचित्रवाणी नसते. पण पाहुण्यांनीं लिहावयाची एक वही असते. डाकबंगल्याची नोंदवहीच ती, फक्त तक्रारीचा रकाना गेलेला! अमेरिकेंत व्हरमाँट संस्थानांत किपलिंगनें बांधलेलें ‘नौलखा’ हें घरही ह्याच धर्तीवर कुटुंबांना रहावयास मिळूं लागलें.

परंतु सर्वांत बोधप्रद उदाहरण व्हर्जिनियांतील विल्यम्सबर्गचें. १९२६ पासून रॉकफेलर ह्यांच्या द्रव्यसाहाय्यानें तें अठराव्या शतकांतील शहर पुन्हां उभारण्यांत आलें आणि त्यांतल्या कांहीं घरांत पाहुणे राहूंही लागले. सुंदर दिवाणखाने, चकचकीत तांब्याचीं भांडीं, नीटनेटक्या बागा. सर्व कांहीं होतें. नव्हते ते फक्त गुलाम. अठराव्या शतकांत ह्या शहरांतील जवळजवळ निम्मी वस्ती काळ्या गुलामांची होती, आणि हें पाहणाऱ्यांस नीट सांगण्यास सुरुवात झाली ती १९७९ पासून. तोंपर्यंत पन्नास वर्षें पुढचें दार उघडें होतें व मागचें बंद.

वऱ्हाडांत, सह्याद्रींत अथवा मेळघाटांत जेथें जेथें जुना बंगला नीट राखिला जाईल, तेथें ही चूक टाळतां येण्यासारखी आहे, आणि त्याला फारसा खर्चही नाहीं. पंख्याच्या दोरीचें भोंक बुजवूं नये. मागचें दार विटांनीं बंद करूं नये. चाकरांची चाळ पाडून तेथें मोटारी उभ्या करूं नयेत. खानसाम्याच्या चुलीचा धूर ज्या भिंतीवर बसला आहे, ती एखादी तरी भिंत तशीच राहूं द्यावी. आणि जवळच्या गांवांतील वृद्धांना बोलावून, वेठीची व रसदेची त्यांनीं आपल्या वाडवडिलांकडून ऐकलेली हकीकत लिहून घ्यावी. कारण नोंदवहींत राहणाऱ्यांचीं नांवें आहेत, राबणाऱ्यांचीं नाहींत.

डाकबंगल्याचा एक नियम मात्र आजही जसाच्या तसा घेण्याजोगा आहे. घर कोणाचेंच नव्हे. आलेल्यानें रहावें, आणि पुढच्यासाठीं जागा सोडावी. तो नियम लिहिणाऱ्यांच्या मनांत पुढचा प्रवासी कोण, ह्याविषयीं फार थोड्या माणसांचें चित्र होतें. आज त्याच ओसरीवर ज्याच्या पणज्यानें पंख्याची दोरी ओढली, तो मनुष्य आपल्या मुलाबाळांसह पुढच्या दारानें येऊन आरामखुर्चींत बसूं शकतो. तसा तो बसला, आणि भिंतींतल्या भोंकाकडे बोट दाखवून मुलांना त्याची गोष्ट सांगूं लागला, म्हणजे तें घर राखल्याचें सार्थक झालें असें समजावें.