३१ ऑगस्ट नावाची गल्ली

आपल्याकडे गल्ल्यांना आणि चौकांना माणसांची नावं असतात. कुणी पुढारी, कुणी संत, नाहीतर मग एखादा मारुती. स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर, फ्रान्सच्या सरहद्दीपासून जेमतेम वीसेक किलोमीटरवर सान सेबास्तियान नावाचं गाव आहे. बास्क लोक त्याला त्यांच्या भाषेत दोनोस्तिया म्हणतात. तिथल्या जुन्या पेठेतल्या एका अरुंद गल्लीचं नाव आहे 'एकतीस ऑगस्ट'.

आज या गल्लीत लोक येतात ते खायला. दोन्ही बाजूंना बार, आणि प्रत्येक बारच्या काउंटरवर बशाच बशा. एक ग्लास वाइन घ्यायची, एक-दोन घास खायचे, आणि पुढच्या बारमध्ये जायचं. या गर्दीत गल्लीच्या पाटीवरच्या तारखेकडे कोण बघतो? पण मला त्या तारखेबद्दल आणि त्या घासाबद्दल एकत्रच सांगायचंय, कारण तिथे गेल्यापासून ते दोन्ही डोक्यातून वेगळे होत नाहीत.

आधी घास. या घासाला तिथे पिंचो म्हणतात. पिंचो म्हणजे टोचलेला. पावाच्या कापावर मासा, मिरची, ऑम्लेट असं काहीतरी ठेवायचं आणि वरून लाकडी काडी टोचायची, म्हणजे घसरत नाही. जुनी पद्धत अशी की खाऊन झाल्यावर बशीतल्या काड्या मोजायच्या आणि तेवढे पैसे द्यायचे. काडी खिशात टाकायची नाही, एवढाच काय तो करार. (आपल्याकडे हा करार किती दिवस टिकला असता यावर बोलत नाही!)

वाइनसुद्धा थोडीच. लहान ग्लासातल्या त्या दोन घोटांना 'चिकितो' म्हणतात. किंवा मग तिथली आंबटसर, किंचित फसफसणारी पांढरी चाकोली. ती बाटली उंच धरून वरून धार सोडत ओततात.

आपल्याकडे यासाठी सरळ शब्द आहे, चखणा. चाखायचा तो चखणा. पण आपला चखणा एका जागी ठाण मांडून बसतो आणि बाटलीच्या सेवेला असतो. तिथे घासही लहान आणि घोटही लहान, आणि माणसं चालती. चार-सहा मित्रांचं टोळकं, ज्याला ते 'क्वाद्रिया' म्हणतात, ते शाळेपासून म्हातारपणापर्यंत तेच राहतं, आणि संध्याकाळी एका बारमधून दुसऱ्यात फिरतं. आता हिशोब करा. सहा-सात बार फिरायचे असतील तर ग्लास मोठा कसा चालेल? दुसऱ्याच बारपाशी संध्याकाळ संपेल. ग्लास लहान ठेवला की संध्याकाळ मोठी होते.

आपल्या पंगतीच्या हे अगदी उलट. पंगतीत पान एकदाच मांडलेलं, माणूस जागच्या जागी, आणि वाढपी जिलबी घेऊन डोक्याशी उभा. 'एक तरी घ्या' हा आग्रह नसेल तर यजमानाचं काहीतरी चुकलं म्हणायचं. (आत्या, हे तुला उद्देशून नाही.) पिंचोच्या काउंटरवर कुणी आग्रह करत नाही. हात आपला, भूक आपली.

आता तारीख.

१८१३ साली हे गाव नेपोलियनच्या फौजेच्या ताब्यात होतं. गाव स्पॅनिश, आत फ्रेंच शिबंदी, आणि तटाबाहेर वेढा घालून बसलेले इंग्रज आणि पोर्तुगीज, म्हणजे स्पेनचे दोस्त. गावातल्या लोकांच्या दृष्टीने बाहेरची फौज सोडवायला आलेली होती. ३१ ऑगस्टला तिने खिंडार पाडलेल्या तटावर हल्ला चढवला. त्यात दोस्तांचे दोन हजारांवर लोक मेले किंवा जखमी झाले. फ्रेंच मागे हटून उर्गुल टेकडीवरच्या किल्ल्यात गेले. मग सोडवायला आलेल्या सैन्याने गावात लूट, खून, बलात्कार असं सगळं केलं. तळघरांमधले दारूचे साठे फुटले. आग लागली ती कित्येक दिवस धुमसत राहिली. सहाशेच्या आसपास घरं होती, त्यातली पस्तीस-छत्तीस उरली. दोन टोकांना दोन चर्च आणि मध्ये ही घरांची रांग, एवढीच एक गल्ली वाचली. तेव्हा तिचं नाव त्रिनिदाद होतं. नंतर तिला त्या दिवसाचं नाव मिळालं.

या सैन्याचा सरसेनापती होता वेलिंग्टन. त्या दिवशी तो स्वतः तटाखाली नव्हता, वेढ्याची सूत्रं थॉमस ग्रॅहमकडे होती, पण फौज वेलिंग्टनची. आपल्याला हा माणूस त्याच्या आधीच्या नावाने ठाऊक असायला हवा, आर्थर वेलस्ली. बरोबर दहा वर्षांपूर्वी, ऑगस्ट १८०३ मध्ये त्याने अहमदनगरची (आताचं अहिल्यानगर) पेठ शिड्या लावून घेतली, चार दिवसांत किल्लाही घेतला, आणि सप्टेंबरात असईला शिंदे-भोसल्यांचा पराभव केला. नगरची पेठ पडली तेव्हा इंग्रजांच्या बाजूला असलेल्या गोखले नावाच्या मराठा सरदाराने चकित होऊन लिहिलं म्हणतात, की ही विचित्र माणसं सकाळी आली, भिंत बघितली, तिच्यावरून चालत गेली, आतल्यांना मारलं आणि नाश्त्याला परत आली. इतिहासाच्या पुस्तकात हा किस्सा शौर्याचा म्हणून येतो. ज्यांच्या घरावरून ही माणसं चालत गेली त्यांचा नाश्ता त्या दिवशी काय झाला, हे मात्र नगरचंही कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

सान सेबास्तियानच्या लोकांनी मात्र ते लिहून ठेवलं. किल्ल्यातल्या फ्रेंचांनी ८ सप्टेंबरला शरणागती पत्करली, आणि त्याच सुमारास गावातले वाचलेले प्रमुख लोक जवळच्या सुबिएता खेड्यात एकत्र बसले. प्रश्न साधा होता. गाव उरलेलं नाही, तर आता जिकडेतिकडे पांगायचं की परत बांधायचं? त्यांनी बांधायचं ठरवलं. पुढे साक्षी घेतल्या, गाऱ्हाणी लिहिली. वेलिंग्टनने जबाबदारी नाकारली. गाव तरीही उभं राहिलं. आज आपण ज्याला 'जुनी पेठ' म्हणतो ती बहुतेक त्या आगीनंतरचीच. खरी जुनी म्हणाल तर ही एक गल्ली.

१८६३ पासून तट पाडायला सुरुवात झाली आणि गाव पसरलं. राणी मारिया क्रिस्तिना उन्हाळ्याला येऊ लागली, समुद्रकाठी मिरामार राजवाडा १८९३ मध्ये पुरा झाला. राणीच्या मागोमाग श्रीमंत आले, हॉटेलं आली, फ्रेंच पद्धतीचे आचारी आले. पण गावातले कामकरी लोक काही त्या हॉटेलांत जेवत नव्हते. त्यांनी आपापली खाण्याची मंडळं काढली. 'उनियोन आर्तेसाना' हे १८७० चं मंडळ, नावातच कारागीर. सभासदांनी यायचं, स्वतः रांधायचं, मित्रांना वाढायचं, वापरलेल्या तेला-वाइनचा हिशोब स्वतःच मांडून पैसे ठेवायचे. पुन्हा तोच काड्यांचा करार! यात एक गोम होती. ही मंडळं पुरुषांची. बायकांना फार तर पाहुणी म्हणून प्रवेश, स्वयंपाकघरात तर नाहीच. घरी रोज रांधणाऱ्या बायकांना इथे चुलीपाशी यायला बंदी होती, हे वाचून मला आधी हसू आलं आणि मग आलं नाही.

मग १९३६ चं यादवी युद्ध. सप्टेंबरात गाव फ्रँकोच्या बाजूकडे गेलं. त्याच्या राजवटीत बास्क भाषा शाळेतून, पाट्यांवरून, मुलांच्या नावांतून हद्दपार झाली. आणि हाच फ्रँको १९४० पासून दर उन्हाळ्यात याच गावात आयेते राजवाड्यात मुक्कामाला यायचा. मंडळांमध्ये राजकारण बोलायला बंदी. पण जेवण झाल्यावर गाणी म्हणायला कोण अडवणार? टेबलाभोवती जुनी बास्क गाणी चालू राहिली.

याच काळात गावाचा सगळ्यात प्रसिद्ध पिंचो जन्माला आला. कासा व्हायेस नावाच्या बारमध्ये वाइनबरोबर लोणच्यातल्या हिरव्या मिरच्या, ऑलिव्ह आणि खारवलेले अँचोव्ही मासे वेगवेगळे मिळत. एका नेहमीच्या गिऱ्हाइकाने ते तिन्ही एका काडीला टोचले. त्या सुमारास रिटा हेवर्थचा 'गिल्डा' (१९४६) गाजत होता, आणि स्पेनमधल्या पाद्र्यांना तो अजिबात खपत नव्हता. म्हणून त्या पिंचोचं नाव पडलं गिल्डा. कारण तोही तिच्यासारखाच हिरवा, खारट आणि तिखट. स्पॅनिशमध्ये 'हिरवा' म्हणजे चावट. आपल्याकडे 'हिरवट म्हातारा' म्हणतात ना, अगदी तेच, त्यांच्याकडेही म्हातारा हिरवाच असतो! दोन इंचांच्या काडीवर मिरची, मासा आणि सेन्सॉरची थट्टा, असं सगळं मावलं.

फ्रँको नोव्हेंबर १९७५ मध्ये वारला. १९७६ मध्ये माद्रिदला एका चर्चेत फ्रान्सचे पॉल बोक्यूज बोलले. ऐकणाऱ्यांत सान सेबास्तियानचे दोन तरुण आचारी होते, हुआन मारी आर्झाक आणि पेद्रो सुबिखाना. दोघांनी बोक्यूजची ल्यों जवळची भटारखान्याची वाट धरली, तिथे काही दिवस काम पाहिलं आणि परत येऊन डझनभर आचाऱ्यांना गोळा केलं. ठरवलं असं की बाजारात आज जे ताजं आहे ते घ्यायचं, सॉस हलके करायचे, विसरलेले बास्क पदार्थ शोधून काढायचे आणि नवेही करायचे. भाषा नुकतीच श्वास घेऊ लागली होती, त्याच वर्षांत स्वयंपाकही. आर्झाकचं हॉटेल म्हणजे आजी-आजोबांनी १८९७ मध्ये बांधलेलं घर, मूळचा वाइनचा गुत्ता. त्याला १९८९ मध्ये मिशेलिनचा तिसरा तारा मिळाला. पुढे स्वयंपाकघर सांभाळायला मुलगी एलेना आली. पुरुषांच्या मंडळांच्या गावात हीसुद्धा छोटी गोष्ट नव्हे.

यातून तिथला टेस्टिंग मेनू आला. दहा-बारा लहान बशा, प्रत्येक बशीबरोबर वेगळी वाइन, तीन तास. म्हणजे घास पुन्हा लहानच. पण फरक बघा. काउंटरवर काय खायचं, किती, कुठे थांबायचं हे खाणारा ठरवतो. टेस्टिंग मेनूत सगळं आचारी ठरवतो. आपण बसायचं, वाढपी सांगेल ते ऐकायचं आणि चाखायचं. अशा एका ठिकाणी (नाव राहू दे) जेवताना मला गंमत वाटली, कारण आग्रह नसला तरी ही शेवटी पंगतच. मांडलेल्या क्रमाने जेवा! जेवण मात्र अप्रतिम होतं, त्यात वाद नाही. पुढे तिथे शिकलेली पोरं जुन्या पेठेत उतरली आणि काउंटरवरचे पिंचोही बदलले. हॉटेलातली कारागिरी दोन घासांत, उभ्याउभ्या मिळू लागली. आणि याच गल्लीतल्या 'ला विन्या' बारमधलं वरून करपवलेलं चीजकेक, १९९० च्या आसपासचं, आता पुण्या-मुंबईच्या बेकऱ्यांतही दिसतं. घेणाऱ्याला कुठे ठाऊक असतं की ते कुठल्या गल्लीतून आलंय.

इथे थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण याच गल्लीत 'ला सेपा' नावाचा बार आहे. २३ जानेवारी १९९५ ला दुपारी तिथे गावचे उपमहापौर ग्रेगोरिओ ओर्दोन्येस सहकाऱ्यांबरोबर जेवत होते. 'एटा' या बास्क सशस्त्र संघटनेच्या माणसाने आत येऊन त्यांच्या डोक्यात गोळी घातली. वय ३६. त्यानंतर कितीतरी वर्षं या गावात कुठल्या बारमध्ये शिरायचं आणि कुठल्या नाही हे राजकारणावरून ठरत होतं. एटाने २०११ मध्ये शस्त्रं थांबवली आणि २०१८ मध्ये स्वतःला विसर्जित केलं.

म्हणून 'एकत्र खाल्लं की माणसं जवळ येतात' हे वाक्य मला आता सरसकट म्हणवत नाही. त्या बारमध्ये काउंटर तोच होता, काड्या त्याच होत्या, आणि तरी ते घडलं. लहान घास ही हमी नव्हे. तो फक्त एक सवड करून देतो. कुणी बांधून घालत नाही, केव्हाही उठून जाता येतं, आणि म्हणूनच पुन्हा येताही येतं. या गावाला पुन्हा यायची सवय आहे. १८१३ मध्ये सुबिएतात बसलेल्यांनी ती लावून दिली.

दर वर्षी ३१ ऑगस्टच्या रात्री या गल्लीतले दिवे मालवतात आणि सज्जांमधून मेणबत्त्या लावतात. कधी गेलात, तर गिल्डा अवश्य खा, तिखटाची भीती नको, तिथली मिरची आपल्या मानाने गरीब असते. आणि खाताना एकदा पाटीकडे मान वर करून बघा.