स्कँडिनेव्हियन गृहसजावटीतील रंग व नक्षी

स्कँडिनेव्हियन गृहसजावट ही डेन्मार्क, नॉर्वे व स्वीडन या देशांत विकसित झालेली अंतर्गत सजावटीची शैली आहे. हिवाळ्यातील अल्प सूर्यप्रकाशामुळे पांढऱ्या भिंती व फिकट लाकूड ही तिची ओळख बनली. मात्र पांढरा रंग म्हणजेच ही शैली, हा समज अपुरा आहे. चित्रकार कार्ल लार्सन व त्यांच्या पत्नी कारीन यांच्या सुंडबोर्न (स्वीडन) येथील घरात लाल, हिरवा असे ठळक रंग आढळतात.

नक्षीची परंपरा मुख्यतः योसेफ फ्रांक यांच्याशी जोडली जाते. वाढत्या ज्यूविरोधामुळे १९३३ मध्ये व्हिएन्ना सोडून स्वीडनला आलेल्या या वास्तुविशारदाने एस्त्रिद एरिक्सन यांच्या स्टॉकहोममधील 'स्वेन्स्क्त तेन' (स्थापना १९२४) या दुकानासाठी फुले, पक्षी व वेलींची दाट नक्षी असलेली कापडे रेखाटली. एकरंगी पृष्ठभाग अस्वस्थ करतो, नक्षीदार पृष्ठभाग शांतवतो, असे त्यांचे काहीसे अनपेक्षित मत होते. ही कापडे आजही विकली जातात.

२०१० च्या दशकात पांढऱ्या-राखाडी रंगसंगतीचे वर्चस्व होते. अलीकडे मातकट, तपकिरी, ऑलिव्ह हिरवा व लोण्यासारखा फिकट पिवळा अशा उबदार छटांकडे कल आहे. पट्टे व चौकडी प्रामुख्याने पडदे आणि उशांच्या अभ्र्यांवर दिसतात.