पिवळ्या दिव्याची कुळकथा

माझा भाचा कॅनडात, मॉन्ट्रियलला असतो. एका जानेवारीत मी त्याच्याकडे होतो. बाहेर उणे वीस अंश. गाडी सुरू केली की समोर एक पिवळा दिवा मिनिटभर लुकलुकायचा आणि मग पेटूनच राहायचा. आकार घोड्याच्या नालासारखा, मध्ये उद्गारचिन्ह. उद्गारचिन्हाशी आम्हा कवींचं जुनं सख्य, म्हणून विचारलं, “हे काय रे?”

“काही नाही मामू, टायरच्या हवेचा दिवा आहे. हिवाळाभर पेटलेलाच असतो. तुम्ही लक्ष देऊ नका.”

मी बी.ए. झालेला माणूस, यंत्रातलं मला काय कळणार? पण हा दिवा कुठून आला, याचा शोध घेत गेलो आणि हाती आली ती माणसांच्या मरणाची हकिगत.

हवेच्या टायरचं पहिलं पेटंट १८४५ सालचं, रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश इंजिनिअरचं. १८८८मध्ये बेलफास्टच्या डनलॉपने तो नव्याने घडवला आणि चलनात आणला. हवा किती आहे हे मात्र पुढची शंभर वर्षं माणसं टायरला लाथ मारून नाहीतर फार तर गेज लावून ठरवत. १९८६च्या पोर्शे ९५९ या महागड्या गाडीत हवेवर नजर ठेवणारी यंत्रणा आली. पण ती श्रीमंतांची चैन होती.

ऑगस्ट २०००मध्ये अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने ६५ लाख टायर परत मागवले. बरेचसे फोर्डच्या ‘एक्सप्लोरर’ या उंच गाडीला बसवलेले. भर वेगात टायरचा वरचा थर आतल्या पोलादी पट्ट्यापासून सुटायचा आणि गाडी कोलांटी खायची. टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोना अशा उष्ण राज्यांत हे जास्त घडलं. मृतांचा आकडा २७०च्या वर गेला. फोर्डने हवा २६ पौंड ठेवायला सांगितली होती, फायरस्टोन म्हणे ३० हवी होती. दोघं एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, जास्त तापतो, एवढं तर आपला पंक्चरवालाही सांगेल.

१ नोव्हेंबर २००० रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी कायद्यावर सही केली. नव्या गाड्यांत हवा कमी झाल्याची सूचना देणारी यंत्रणा असलीच पाहिजे, असं त्यात होतं. पण कशी? मोटार कंपन्यांना स्वस्तातली हवी होती. तिच्यात टायरमध्ये काहीच बसवायचं नाही. हवा कमी झालेलं चाक जरा लहान होतं, म्हणून जास्त गरगरतं. त्यावरून ओळखायचं. आता चारही चाकांची हवा सारखीच उतरली, तर? तेव्हाची ती यंत्रणा गप्प बसायची. सरकारने २००२च्या नियमात तिलाही वाट ठेवली. ‘पब्लिक सिटिझन’ ही ग्राहकांची संघटना कोर्टात गेली आणि ऑगस्ट २००३मध्ये तो नियम रद्द झाला. मला या सगळ्या कथेत ही माणसं सर्वांत मोठी वाटतात. २००५मध्ये नवा नियम आला: कोणत्याही एका किंवा चारही टायरांत हवा ठरलेल्यापेक्षा २५ टक्के कमी झाली की दिवा लागला पाहिजे. सप्टेंबर २००७पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या मोटारींना तो लागू झाला, युरोपात नोव्हेंबर २०१४पासून.

चारही चाकांची हवा एकदम उतरवायचं काम थंडी करते. वीस अंशांवर भरलेली ३२ पौंड हवा उणे वीसला सहा-सात पौंडांनी उतरते. म्हणजे दिव्याची खरी गरज हिवाळ्यात. आणि क्युबेक प्रांतात नेमका तेव्हाच तो निकामी होतो! तिथे २००८पासून हिवाळी टायर सक्तीचे आहेत, आता १ डिसेंबर ते १५ मार्च. लोक दुसऱ्या लोखंडी रिमवर बसवलेला हिवाळी संच ठेवतात आणि नोव्हेंबरात चाकंच्या चाकं बदलतात. सेन्सर असतो आत, व्हॉल्व्हच्या मुळाशी, आणि तो उन्हाळी चाकांबरोबर तळघरात जाऊन बसतो. दुसऱ्या संचात वेगळे सेन्सर घालता येतात. प्रत्येकाचा स्वतःचा नंबर असतो. काही गाड्या चालता चालता तो ओळखतात, काहींना यंत्र लावून ओळख करून द्यावी लागते. कॅनडात या यंत्रणेची सक्तीच नाही, त्यामुळे बरेच जण तो खर्च वाचवतात. मग दिवा आधी लुकलुकतो, म्हणजे ‘सेन्सर सापडत नाहीत’, आणि पेटून राहतो. खरोखर हवा गेली तरी तोच दिवा. कळणार कसं?

हे सगळं भाच्याला सांगितलं. तो हसला, पण पेट्रोलपंपावर गेज घेऊन उतरला. तीन टायर २७वर होते, पुढचा डावा १९वर. व्हॉल्व्हपाशी बारीक गळती निघाली. गॅरेजवाला म्हणाला, सेन्सर घालायचे तर चारही टायर रिमवरून उतरवावे लागतील, आणि तारीख दिली पुढच्या आठवड्यातली. तोवर भाचा रोज सकाळी हातमोजे काढून, चाकापाशी वाकून हवा बघत होता.