वऱ्हाडच्या खिडकीतला झिरझिरीत पडदा

गेल्या उन्हाळ्यात अकोल्याच्या घराला रंग दिला आणि सूनबाईंनी जाहीर केले, की आता ते जाड पडदे नकोत, शीअर हवेत. शीअर म्हणजे काय, हे मला दुकानात गेल्यावर कळले. आपण ज्याला झिरझिरीत म्हणतो तेच! दुकानदाराने एकामागून एक ठाण उलगडले. ऑर्गंझा, नेट, टिश्यू आणि काय काय. मी विचारले, "यात सुती कोणते?" तो हसला. म्हणाला, "काकाजी, सुती आता कोन मांगते? हे सारं सुरतचं हाये, पॉलिस्टर."

ज्या मुलखात दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांच्या रांगा लागतात, तिथे खिडकीला लावायला पातळ सुती कापड मिळू नये, याचे मला नवल वाटले. पण इतिहास चाळला तेव्हा लक्षात आले, की हे नवल दीडशे वर्षांचे जुने आहे.

लिव्हरपूलच्या बाजारात कापसाच्या एका जातीला 'ऊमरा' म्हणत. हे आपल्या उमरावतीचे, म्हणजे अमरावतीचेच नाव. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस बंद झाला आणि ऊमराला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच इंग्रज गिरणीवाल्यांनी पुन्हा अमेरिकेकडे तोंड वळवले. कारण साधे होते. आपल्या गावरानी कापसाचा धागा आखूड, साधारण पाऊण इंचाचा. यंत्रावर त्याचे जाडेभरडे सूत निघते. मलमल किंवा वायल विणायची तर सूत बारीक हवे आणि त्यासाठी तंतू लांब हवा. म्हणून लँकेशायरचे तलम कापड अमेरिकी आणि इजिप्तच्या कापसाचे असे. आमचा कापूस जाड सुताकडे जाई.

यात सगळा दोष कापसाचाच, असेही नाही. ढाक्याची जगप्रसिद्ध मलमल ज्या झाडाच्या कापसाची होती, ते आपल्या गावरानीच्याच कुळातले. पण तिथे नदीकाठची दमट हवा होती आणि पहाटेच्या ओलाव्यात हाताने सूत काढणाऱ्या स्त्रिया होत्या. कोरड्या हवेत बारीक सूत तुटते. आपल्याकडची हवा कशी असते ते वऱ्हाडी माणसाला सांगायला नको.

सूत काढणारे हात आपल्याकडेही होते. त्यांचे काय झाले? १८६० च्या दशकाच्या अखेरीस हॅरी रिव्हेट-कार्नॅक नावाचे गृहस्थ मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे कापूस आयुक्त होते. खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला तर विलायती कापड देशी कापडापेक्षा स्वस्त विकता येईल, इथला कापूस इथे कातला न जाता बाहेर जाईल आणि विणकामातली माणसे शेतीला मोकळी होतील, असा त्यांचा स्वच्छ हिशेब होता. तो त्यांनी सरकारी अहवालात लिहूनही ठेवला. लपवाछपवी नाही, एवढे मान्य करावे लागेल! १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब-खामगाव फाटा सुरू झाला. गाठी गेल्या, ठाणे आली.

तेव्हा सामान्य घरांतून खिडकीच लहान, तिला काच नाही, मग पडदा कशाला? ओसरीला बांबूची चीक असे आणि ऐपतदारांकडे दाराला वाळ्याचे पडदे. वाळ्यावर पाणी मारले, की बाहेरची झळ आत येताना गार होऊन येई. जी कोरडी हवा सूत तोडते, तीच इथे कामाला येते. आजचा आपला कूलर दुसरे काय करतो? जाळीचे पडदे आले ते साहेबाच्या बंगल्यात. नॉटिंगहॅमच्या जॉन लिव्हसीने १८४६ मध्ये पडद्याची जाळी विणणारे यंत्र काढले होते. विलायतेत ऊन लागावे म्हणून माणूस तरसतो, त्याला असला पडदा शोभतो.

आमच्या घरी पहिला झिरझिरीत पडदा आईने लावला, तो तिच्या विरलेल्या वायलच्या पातळाचा. वायल म्हणजे घट्ट पीळ दिलेल्या बारीक सुताचे विरळ विणीचे कापड. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थच मुळी तोंडावरून घ्यायचे झिरझिरीत वस्त्र. वाऱ्याने तो पडदा फुगला, की काठाची नक्षी भिंतीवर हलायची. तो फाटला तेव्हा आईने त्याची फडकी केली. पॉलिस्टरचे फडके पाणी टिपत नाही, हा माझा त्याच्यावरचा जुना राग आहे.

पुढची गंमत अशी. १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रात संकरित एच-४ कापूस निघाला आणि वऱ्हाडातही पसरला. २००२ नंतर बीटी संकरित वाण आले. इंचाहून लांब तंतूचा कापूस आमच्या शेतात पिकू लागला. सूत बारीक निघेल असा! पण तोवर गिरण्याच राहिल्या नाहीत. अकोल्याची सावतराम आणि अचलपूरची विदर्भ मिल १९७४ च्या राष्ट्रीयीकरणात सरकारकडे गेल्या आणि नंतर बंद पडल्या. अचलपुरात पुढे फिनले मिल आली, २०२० च्या टाळेबंदीत तिचेही काम थांबले.

दुकानदाराने मला एक ठाण 'कॉटन मिक्स' म्हणून दाखवले होते. त्याची दोन सुते मागून घेतली आणि बाहेर येऊन काडी लावली. सुताची राख होते, कागदासारखा वास येतो. हे वितळून त्याची कडक काळी गुंडी झाली. मिक्स कुठले होते, देव जाणे.

सूनबाईंना एवढेच सांगितले, की पश्चिमेच्या खिडकीला नुसता शीअर लावू नकोस. ऊन काचेतून आत आले, की पडदा तापतो आणि ती धग खोलीतच राहते. ऊन अडवायचे ते काचेच्या बाहेर. आणि रात्री आत दिवा लागला, की दिवसा आपल्याला बाहेरचे दाखवणारा हाच पडदा बाहेरच्यांना आतले दाखवतो, मागे दुसरा जाड पडदा हवाच. तिने ऐकले, पण शीअरचा हट्ट सोडला नाही.

शेवटी उत्तरेच्या खिडकीला पांढरे पॉलिस्टर लागले. दिसते छान, खोटे कशाला बोलू? पश्चिमेला बाहेरून बांबूची चीक बांधून घेतली. अमरावतीच्या बहिणीने पेटी उघडून आईचे एक वायलचे पातळ पाठवले आहे. देवघराच्या लहान खिडकीपुरते ते सहज निघेल. कात्री लावायला मात्र अजून कुणाचा हात होत नाही.