उसाचे इंधन, कोणाच्या हिताचे? ब्राझीलच्या ‘प्रोआल्कूल’ची कथा

जैवइंधनाचा वाद म्हणजे पर्यावरणवादी आणि तेलकंपन्या यांचे भांडण, असा अनेकांचा समज असतो. ब्राझीलचा इतिहास वेगळेच सांगतो. तेथे या इंधनाला पर्यावरणाच्या काळजीने जन्म दिलेला नाही. ते जन्मले दोन बाजारभावांच्या कात्रीत.

१९७३ च्या तेलसंकटाने खनिज तेलाच्या किमती सुमारे चौपट झाल्या. ब्राझील आपल्या गरजेचे बहुतांश तेल आयात करत असे. त्यातच, १९७४ च्या नोव्हेंबरात उच्चांक गाठलेला जागतिक साखरभाव पुढच्याच वर्षी कोसळला. तेल महाग, साखर स्वस्त आणि कारखानदार हवालदिल! १४ नोव्हेंबर १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष जनरल एर्नेस्तो गायझेल यांच्या लष्करी राजवटीने ‘प्रोआल्कूल’ ही राष्ट्रीय अल्कोहोल योजना जाहीर केली. इंधन वाचवणे हा घोषित हेतू होता. साखरसम्राटांना वाचवणे हा तितकाच खरा हेतू होता, असे माझे मत आहे. कारखान्यांना स्वस्त कर्ज मिळाले आणि खरेदीची हमीही.

१९७९ मध्ये दुसरे तेलसंकट आले आणि त्याच वर्षी केवळ अल्कोहोलवर धावणारी ‘फियाट १४७’ बाजारात उतरली. १९८० च्या दशकाच्या मध्यास ब्राझीलमध्ये विकल्या जाणाऱ्या दर दहा नव्या मोटारींपैकी नऊहून अधिक अल्कोहोलवर चालत.

आता शेताकडे वळू. साओ पाउलो राज्यातील ऊसतोड मजुरांना ‘बोइया-फ्रिया’ म्हणत, म्हणजे ‘थंड जेवण’. पहाटे घरून बांधून आणलेली शिदोरी ते फडातच, तशीच गार खात. त्यावरून हे नाव पडले. त्यांना मजुरी मिळे ती तोडलेल्या उसावर. एका मजुराने एका वेळी पाच सऱ्या तोडत जायचे आणि ऊस मधल्या सरीत आणून टाकायचा, ही रीत होती. कारखान्यांनी पाचाच्या सात सऱ्या केल्या. कडेच्या सऱ्यांतला ऊस मध्यापर्यंत वाहून आणण्याचे अंतर वाढले, त्यामुळे तेवढ्याच वेळात तोड कमी होऊ लागली आणि मजुरीही घटली. मे १९८४ मध्ये ग्वारिबा या गावी मजुरांचा उद्रेक झाला. पाणीपट्टीच्या वाढीव बिलांनी आधीच धुमसणारा संताप रस्त्यावर आला, पोलिसांच्या गोळीबारात एक जण ठार झाला. अखेर कारखानदारांना पाच सऱ्यांवर परतावे लागले. राजवट अजून लष्करीच होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या विजयाचे मोल कळते.

नद्यांनीही किंमत मोजली. एक लिटर अल्कोहोलमागे दहा लिटरांहून अधिक स्पेंट वॉश उरतो. प्रारंभी तो सर्रास नद्यांत सोडला जाई. पुढे खत म्हणून शेतात फिरवण्याची पद्धत रुळली.

१९८६ मध्ये तेल स्वस्त झाले आणि सरकारचा हात आखडला. साखरेचा भाव वधारताच कारखाने साखरेकडे वळले. १९८९ मध्ये पंपांवर अल्कोहोल मिळेनासे झाले. केवळ त्यावरच चालणारी मोटार घेतलेल्या ग्राहकाचा विश्वास उडाला तो बराच काळ परतला नाही. २००३ मध्ये दोन्ही इंधनांवर चालणारी ‘फ्लेक्स’ मोटार आली, तेव्हा कुठे निवड चालकाच्या हाती गेली. (आपल्याकडे ५ टक्के मिश्रणाचे प्रयोग २००१ मध्ये मिरज व मनमाड येथे सुरू झाले होते.)

२००७ मध्ये वाद जागतिक झाला. अन्नहक्काविषयीचे संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक ज्याँ झिग्लर यांनी अन्नधान्याचे इंधन करण्याला मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरवले. राष्ट्राध्यक्ष लुला यांचा प्रतिवाद असा, की अमेरिकेचे मक्यापासूनचे इथेनॉल आणि ब्राझीलचे उसापासूनचे इथेनॉल यांना एकाच मापाने मोजू नये. ऊर्जेच्या हिशेबात लुलांचे म्हणणे खरेच होते, कारण उसाची चिपाडे जाळूनच कारखाना चालतो. जमीन कोणाची, हा प्रश्न मात्र त्या हिशेबात येत नाही.

ग्वारिबाच्या सऱ्यांचा वाद पुढे निराळ्याच रीतीने मिटला. तोडणीपूर्वी ऊस पेटवण्यावर साओ पाउलोने टप्प्याटप्प्याने बंदी आणली, फडांत यंत्रे आली, आणि ‘थंड जेवण’ घेऊन येणाऱ्या बहुतेकांचे काम संपले.