धातुकणांच्या श्वसनाचे आरोग्यावरील परिणाम

धातूची धूळ किंवा धूर श्वासावाटे शरीरात गेल्याने होणाऱ्या विकारांचा समावेश व्यावसायिक आजारांत होतो. ओतकाम, वेल्डिंग, ग्राइंडिंग व धातूचा मुलामा देण्याच्या कामांत हा धोका प्रामुख्याने आढळतो.

नाशिक परिसर

नाशिक हे तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी पूर्वापार प्रसिद्ध असून जुन्या शहरातील तांबट आळीचे नाव याच व्यवसायावरून पडले आहे. नाशिक रोड येथे रेल्वेच्या विद्युत इंजिनांच्या कर्षण मोटारींची दुरुस्ती करणारा कारखाना आहे. सातपूर व अंबड या औद्योगिक वसाहतींत वाहने व त्यांचे सुटे भाग तयार होतात. यांखेरीज ग्रिल, दरवाजे व शेड बनवणारी वेल्डिंगची लहान दुकाने शहरभर पसरलेली आहेत.

कणांचा आकार व शरीरातील प्रवास

सुमारे १० मायक्रोमीटरपेक्षा मोठे कण बहुतांशी नाक व घशात अडकतात. त्याहून लहान कण श्वासनलिकांत, तर सुमारे २.५ मायक्रोमीटरपेक्षा सूक्ष्म कण वायुकोशांपर्यंत पोहोचू शकतात. ग्राइंडिंगची धूळ तुलनेने जाड असते. वेल्डिंगच्या धुरातील कण मात्र धातूची वाफ थंड होऊन बनलेले असल्याने बहुधा १ मायक्रोमीटरपेक्षाही लहान असतात.

धातुधूर ज्वर

जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते. त्यामुळे पितळ वितळवताना किंवा जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर वेल्डिंग करताना त्याची वाफ हवेत जळून झिंक ऑक्साइडचा पांढरा धूर होतो. तो श्वसनात गेल्यानंतर साधारण ४ ते १० तासांनी थंडी वाजून ताप येतो. अंगदुखी, खोकला व तोंडाला धातूसारखी चव ही इतर लक्षणे होत. आजार बहुधा एक-दोन दिवसांत ओसरतो. रोजच्या संपर्काने तात्पुरती सहनशीलता येते व सुट्टीनंतर ती नाहीशी होते. म्हणून यास ‘सोमवारचा ताप’ असेही म्हणतात. लक्षणे फ्लू किंवा हिवतापासारखी असल्याने रुग्णाने कामाचे स्वरूप सांगितले नाही तर निदान चुकण्याची शक्यता असते.

कॅडमियमच्या धुराची सुरुवातीची लक्षणे अशीच असतात. परंतु त्यातून फुप्फुसांना तीव्र सूज येऊन मृत्यूही ओढवू शकतो. त्यामुळे ताप आपोआप उतरेल असे गृहीत धरणे धोक्याचे ठरते.

दीर्घकालीन परिणाम

लोहकण फुप्फुसांत साठून ‘सिडेरोसिस’ होतो. तो तुलनेने सौम्य असतो. मँगेनीजमुळे कंपवातासारखा मज्जाविकार जडू शकतो. शिशामुळे रक्त, मज्जासंस्था व मूत्रपिंडे बाधित होतात. बेरिलियम तसेच कोबाल्टयुक्त कठीण धातूंच्या धुळीने फुप्फुसे कायमची निकामी होऊ शकतात. षट्संयुजी क्रोमियम व निकेलची संयुगे कर्करोगकारक आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराचाही मानवात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात समावेश केला.

प्रतिबंध

उगमस्थानीच धूर खेचून घेणारी वायुवीजन यंत्रणा हा सर्वांत परिणामकारक उपाय होय. वेल्डिंगपूर्वी जस्ताचा थर काढणे व योग्य प्रतीचा श्वसनमुखवटा वापरणे हे पूरक उपाय आहेत. वेल्डिंगची काळी काच डोळ्यांचे रक्षण करते, फुप्फुसांचे नाही. तोंडाला बांधलेला रुमालही सूक्ष्म कण अडवत नाही. कारागिरांत गूळ खाण्याचा प्रघात आढळतो. मात्र अन्ननलिका व श्वासनलिका वेगळ्या असल्याने गुळाने वायुकोशांतील कण निघून जात नाहीत.

कायदेशीर तरतुदी

कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत शिसे, मँगेनीज व बेरिलियम यांच्या विषबाधेचा समावेश करण्यात आला. असे रुग्ण आढळल्यास व्यवस्थापकाने व उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी शासकीय यंत्रणेस कळवणे कलम ८९ नुसार बंधनकारक करण्यात आले. दुसऱ्या अनुसूचीत झिंक ऑक्साइडच्या धुराची आठ तासांची सरासरी मर्यादा प्रति घनमीटर ५ मिलिग्रॅम ठरवण्यात आली. मात्र या अधिनियमातील कारखान्याची व्याख्या कामगारसंख्येवर आधारलेली असल्याने एक-दोन कारागिरांची दुकाने सर्वसाधारणपणे तिच्या कक्षेबाहेर राहिली.